मुलाची वैद्यकीय तपासणी होताना: पॉक्सो प्रकरणात पालकांना काय मागता येतं

सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर एक आई चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी पेंगुळलेली, आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून मागेपुढे सरकवत होती. वडील बाजूला उभे. त्यांच्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आतून दमट झालेली. पिशवीत मुलीचे कपडे होते. आधीच्या दवाखान्याने "पोलिसांची यादी आणा, मग बघू" म्हणून परत पाठवलं होतं. यादी म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी द्यायचं पत्र. मग पोलीस ठाण्यात दीड तास गेला. इथे पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मुलीने दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

दवाखान्याने त्यांना परत पाठवायला नको होतं. कपडे प्लास्टिकमध्ये ठेवायला नको होते. पण हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि अशा दिवशी शोधत बसायची ताकद कुणात असते? मी गेली काही वर्षं अशा कुटुंबांसोबत सहाय्यक व्यक्ती म्हणून हॉस्पिटलात, बालकल्याण समितीसमोर (मुलांच्या काळजीचे आणि संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती) आणि कोर्टात जाते. त्या रात्री त्या वडिलांना जे बाकावर बसून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ साली आलेला पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगी असो की मुलगा. या कायद्यात तपासणीच्या वेळचे जे हक्क आहेत ते मुळात मुलाचे आहेत. आईवडील जे मागतात ते मुलाच्या वतीने मागतात. हे नीट ध्यानात ठेवलंत तर हॉस्पिटलात कुठे अडून बसायचं आणि कुठे मागे सरायचं, हे आपोआप कळत जातं.

घरातून निघण्याआधी

मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. आधीच आंघोळ झाली असेल तर "आता काय उपयोग" असं म्हणून थांबू नका, तरीही जा. त्या वेळी अंगावर असलेले कपडे बदलले असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा स्वच्छ वर्तमानपत्रात गुंडाळा. ओला असेल तर सावलीत वाळवून मग. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि कपड्यावरचा पुरावा खराब होतो. अंगावर अजून तेच कपडे असतील तर तसेच राहू द्या, पण सोबत एक धुतलेली जोडी घ्या. हॉस्पिटल अंगावरचे कपडे काढून घेतं, आणि मग मूल चादरीत गुंडाळलेलं परत येतं. हे मी खूपदा पाहिलं आहे. बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली आणि झोपताना जवळ लागणारी वस्तू, मग ती बाहुली असो की फाटकी ओढणी, तीही घ्या.

मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तारीख, वेळ, कुणासमोर बोललं तेही लिहा. "त्या काकांनी मला दुखवलं" असं ते म्हणालं असेल तर तेवढंच लिहा, तुमचा अर्थ त्यात घालू नका. आणि पुन्हा पुन्हा विचारू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढून "परत सांग बाळा" म्हणणं तर नकोच. त्याने मूल दमतं, आणि पुढे कोर्टात बचाव पक्षाला "पढवून घेतलं" म्हणायची सोय होते. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला तर आणखी अडचण, कारण मुलाची ओळख उघड करायला पॉक्सोच्या कलम २३ नुसार बंदी आहे.

आधी पोलीस की आधी डॉक्टर?

मुलाला रक्तस्राव होत असेल, दुखत असेल, किंवा घटना गेल्या तीनचार दिवसांतली असेल तर आधी डॉक्टर. गुन्हा नोंदला गेलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते, असं पॉक्सोचं कलम २७ स्पष्ट सांगतं. २०२० च्या पॉक्सो नियमांतला सहावा नियम त्याच्या पुढे जातो: तातडीचे उपचार देण्याआधी कोणत्याही डॉक्टरने वा हॉस्पिटलने पोलिसांचं पत्र, कोर्टाचा आदेश किंवा दुसरा कसलाही कागद मागायचा नाही. म्हणजे "यादी आणा" हे उत्तर चुकीचं आहे. तसं कुणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, "पॉक्सो नियम ६ प्रमाणे यादी लागत नाही. नाही म्हणत असाल तर केस पेपरवर लिहून द्या." लिहून देण्याची वेळ आली की बहुतेक वेळा दार उघडतं.

खासगी हॉस्पिटललाही हात झटकता येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्काराच्या आणि पॉक्सोतल्या गंभीर गुन्ह्यांच्या पीडितांना प्रथमोपचार किंवा उपचार लगेच आणि मोफत द्यायचे असतात. नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली तो गुन्हा ठरतो. पुरावा गोळा करण्याचं काम मात्र शक्यतो सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात होऊ द्या. तिथल्या डॉक्टरांना कागदपत्रांचा आणि कोर्टात साक्ष देण्याचा सराव असतो. मुंबईत पालिकेच्या काही रुग्णालयांत अत्याचार सोसलेल्यांना आधार देणारी 'दिलासा' केंद्रं आहेत, त्यातलं पहिलं बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच मदतीसाठी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. तिथली समुपदेशक तुमच्या सोबत खोलीपर्यंत येऊ शकते, तिला बोलवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही पालक म्हणतात, "आम्हाला फक्त औषध हवंय, पोलीस नकोत." त्यामागची भीती मला कळते. पण पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. त्यामुळे डॉक्टर कळवतीलच. तुम्ही तपासणीला किंवा जबाबाला लगेच तयार नसाल तर तसं सांगा, ते कागदावर नोंदवायला लावा. त्या कारणाने उपचार थांबवता येत नाहीत.

पोलिसांकडे आधी गेलात, तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत मुलाला तातडीचे उपचार मिळतील हे पाहणं त्यांचं काम. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडलाय म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद करून तो पुढे वर्ग होतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर तिथेच लिहून घ्या. मुलाला रात्री ठाण्यात बसवून ठेवायचं नाही, जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, हेही पॉक्सोतच आहे. अडचण आली तर ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८.

संमतीचा कागद

इथे घाई करू नका. हा कागद सहसा बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात येतो, सिस्टर बोटाने जागा दाखवते आणि "इथं सही करा" म्हणते. थांबा, वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मराठीत. हिंदी, उर्दू, गोंडी, पावरी, जी भाषा घरात बोलता तिच्यात समजावून मागा.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १२ वर्षांखालच्या मुलाची संमती आईवडील किंवा पालक देतात. १२ वर्षांपुढचं मूल स्वतः संमती देतं. हे वाचून पुष्कळ आईवडील दचकतात. आठवीतल्या मुलीने सही करायची? हो. तिच्या अंगाला कोण हात लावणार हे ठरवायचा पहिला मान तिचा. तुम्ही तिला समजावू शकता, शेजारी बसू शकता, पण तिच्या वतीने "हो" म्हणून तिला टेबलावर ढकलू शकत नाही. मी एका तेरा वर्षांच्या मुलीला तासभर पायरीवर बसून विचार करताना पाहिलं आहे. डॉक्टर मॅडम मध्ये एकदा येऊन तिच्यासाठी चहा ठेवून गेल्या. तासाभराने ती स्वतः उठली आणि आत गेली.

संमती एकच गठ्ठा नसते. तपासणी, नमुने घेणं, उपचार, या प्रत्येकाला वेगळं "हो" किंवा "नाही" म्हणता येतं. एखादा भाग नको असेल तर तेवढाच भाग नाकारता येतो, आणि मध्येच "बस" म्हटलं तर डॉक्टरांनी थांबायचं असतं. नमुने नाकारले म्हणून औषध अडवायचं नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ तर असं सांगतं की अहवालात संमती घेतल्याची नोंद असलीच पाहिजे, आणि संमतीशिवाय केलेली तपासणी त्या कलमाने कायदेशीर ठरत नाही. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तिथे सहीसाठी कुणी थांबू नये.

खोलीत कोण असेल

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, हे कलम २७ मध्ये आहे. गावच्या ग्रामीण रुग्णालयात त्या वेळी महिला डॉक्टर नसतील तर उपचार सुरू करून पुढे उपजिल्हा किंवा सिव्हिलला न्यायला सांगा, गाडीची सोय पोलिसांनी किंवा रुग्णालयाने करावी असा आग्रह धरा. मुलगा असेल तर कायद्यात अशी अट नाही, पण त्याला कोण डॉक्टर चालतील ते विचारा. मुलग्यांना कुणी विचारत नाही. "पोरगं आहे, त्याला काय" हे वाक्य मी हॉस्पिटलच्या आवारात ऐकलं आहे, आणि ते म्हणणारे त्या मुलाचे सख्खे काका होते.

तपासणी आईवडिलांसमोर किंवा मुलाचा ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसासमोर व्हायची असते. हा 'किंवा' महत्त्वाचा. पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई नको, मावशी बसू दे," तर मावशी बसेल. आईला ते लागतं, मला माहीत आहे. कितीतरी आया बाहेर येऊन रडल्या आहेत, की "माझ्यापासून काय लपवायचंय तिला?" पण बहुतेक वेळा मुलगी आईपासून काही लपवत नसते, आईला त्रास होताना बघणं तिला सोसवत नसतं. मागे सरायची जागा म्हणतात ती हीच. जवळचं कुणीच नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी नेमलेली एखादी महिला सोबत असते.

पोलीस खोलीत नसतात. शिपाई, पंच, पाहुणे, शिकाऊ विद्यार्थ्यांचा घोळका, कुणीच नाही. दार लावलेलं, पडदा ओढलेला हवा. नसेल तर "पडदा लावा ना" एवढं म्हणायला कुठल्याही कलमाची गरज नाही.

आत काय होतं

डॉक्टर आधी बोलतात. काय झालं ते मुलाकडून, लहान असेल तर तुमच्याकडून ऐकतात. तुम्ही घरी लिहिलेला कागद इथे कामी येतो, तो बघून सांगा म्हणजे मुलाला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. मूल बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नका, तारीख चुकली तरी.

मग उंची, वजन, डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या खुणा. चिमुरड्या मुलांची बरीचशी तपासणी आईच्या मांडीवर बसूनच करता येते, तशी मागणी करा. तुमच्या पदराचं टोक त्याच्या मुठीत राहू द्या. जे करणार ते डॉक्टरांनी आधी मुलाला सांगावं, असं म्हणा. "आता मी टॉर्चने बघणार, टॉर्च थंड नसते" एवढ्या वाक्याने मूल सैल होतं.

एक गोष्ट होऊ द्यायची नाही: 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून बघण्याची चाचणी. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांनी ती बंद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात म्हटलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. तिला शास्त्रीय आधार नाही, त्यातून मिळतो तो फक्त अपमान. शरीरसंबंधांची 'सवय आहे' अशा अर्थाचं काही अहवालात दिसलं तर तपास अधिकाऱ्याकडे आणि वकिलाकडे लेखी हरकत द्या.

पुरावा मिळण्याची शक्यता ७२ तासांनंतर बरीच कमी होते, तरी ९६ तासांपर्यंत नमुने घ्यावेत असं सूचना सांगतात. त्याहून जास्त दिवस झाले असतील तर नमुन्यांपेक्षा खुणा, दुखणं आणि मुलाची मनःस्थिती यांची नोंद महत्त्वाची. घेतलेले नमुने तुमच्यासमोर पाकिटात जातात, त्यावर नाव, तारीख आणि सील असतं. काय काय घेतलं त्याची यादी पोलिसांना देताना पोच घेतली जाते. ती यादी तुम्हीही वाचून घ्या, तुमच्या वहीत उतरवा.

औषध आधी

घाबरलेल्या घरात सगळ्यांचं लक्ष पुराव्याकडे असतं. पण घड्याळ खरं धावत असतं ते औषधांचं. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस न चुकता द्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी वयात आलेल्या मुलीला शक्य तितक्या लवकर, फार तर पाच दिवसांच्या आत. कावीळ बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघायला लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. यातलं प्रत्येक औषध तुमच्या मुलाला लागतंच असं नाही, ते डॉक्टर घटनेवरून ठरवतात. पण तुम्ही विचारा: "एचआयव्हीचं औषध लागेल का? किती वाजता पहिला डोस?" विचारलेला प्रश्न केस पेपरवर उतरतो.

गर्भ राहिलेला असेल तर गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन आणि अत्याचारपीडित मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, २० नंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि अल्पवयीन मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. उशीर झाला असेल तरी उच्च न्यायालयाचा रस्ता बंद नसतो, त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत वकील देणारं सरकारी कार्यालय) गाठा. गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायला पोलिसांनी डॉक्टरांना कळवलं आहे का, हे खात्री करून घ्या. ते राहून गेलं तर पुन्हा मिळत नाही.

"काही सापडलं नाही" म्हणजे काय

बाहेर आल्यावर हे वाक्य ऐकून वडिलांचे खांदे पडतात. काहींना सुटल्यासारखं वाटतं, काहींच्या डोळ्यांत मुलाबद्दल शंका येते. दोन्ही चूक. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शरीरावर तपासणीत काहीच दिसत नाही. अत्याचाराचे कित्येक प्रकार जखम करतच नाहीत, आणि झालेली जखम मुलांच्या अंगावर काही दिवसांत भरून येते. काही न दिसल्याच्या अहवालाने मूल खोटं ठरत नाही, आणि कोर्ट मुलाच्या विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा देऊ शकतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मुलाला एवढंच सांगा की तू सांगितलंस ते बरं केलंस.

अहवालात प्रत्येक निष्कर्षामागचं कारण आणि तपासणी सुरू झाल्याची व संपल्याची वेळ असायला हवी. डॉक्टरांनी तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. तपासणीच्या आणि उपचाराच्या सगळ्या कागदांची प्रत तुम्हाला मोफत मिळायची असते. "ती पोलिसांकडे गेली" हे उत्तर पुरेसं नाही. लेखी अर्ज करा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

वयाचा पुरावा

थोडक्यात: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा पालिकेचा जन्मदाखला. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे हे काहीच नसेल तेव्हाच हाडांच्या एक्स-रेवरून वय ठरवायचं. कागद घरात असताना मुलाला उगाच एक्स-रेला नेऊ देऊ नका.

संशय घरातल्याच माणसावर असेल तर

हा भाग लिहायला जड जातो, पण लिहायलाच हवा, कारण अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीचा, घरात येणाजाणारा किंवा घरातलाच असतो. मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्या कुणावर संशय असेल तर पोलिसांनी २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीसमोर आणायचं, आणि का आणलं ते लेखी द्यायचं. समितीने तीन दिवसांत ठरवायचं की मुलाने घरी राहावं की काही काळ दुसरीकडे. मुलाला काय हवंय हे समितीने विचारायचं असतं.

संशय पतीवर असेल आणि तुम्ही आई असाल, तर तपासणीच्या खोलीत बसण्याचा तुमचा हक्क कुठेही जात नाही. सासरच्यांनी "आधी घरात मिटवू" म्हटलं तरी. समितीसमोर सांगा की मूल माझ्यासोबत, माझ्या माहेरी किंवा बहिणीकडे सुरक्षित राहील, पत्ता द्या, तिथे कोण कोण राहतं ते सांगा. अशी ठोस व्यवस्था दाखवलीत तर मूल संस्थेत जाणं टळू शकतं.

आणि बोट तुमच्याकडेच असेल तर? आरोप खोटा आहे असं तुम्हाला ठामपणे माहीत असलं तरी तपासणी अडवू नका आणि खोलीत शिरायचा हट्ट धरू नका. तिथे मुलाच्या भरवशाचं दुसरं कुणीतरी बसेल. तुमचे हक्क खोलीच्या बाहेर आहेत आणि ते खरे आहेत: समितीच्या लेखी आदेशाची प्रत, त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील, वकील, मुलाच्या जुन्या आजारपणाचे कागद डॉक्टरांपुढे ठेवणं, आणि अहवालावर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागणं. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

मारहाणीचा संशय

लैंगिक अत्याचार नसून मारहाणीचा संशय असतो तेव्हा बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं, आणि तिथे वैद्यकीय घोटाळे जास्त होतात. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर काळे डाग असतात. ते मार लागल्याच्या वळासारखे दिसतात, पण वळाचा रंग काही दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो, जन्मखुणेचा तसाच राहतो आणि काही वर्षांनी फिका पडतो. असा डाग बाळाच्या पहिल्याच तपासणीत लसीकरण कार्डावर लिहून घ्या. मुडदूस, हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार, रक्त न गोठण्याचा आजार, यांमुळेही हाड मोडतं किंवा अंगावर डाग उठतात. घरात कुणाला असं काही असेल तर ते आपण होऊन सांगा आणि त्या चाचण्या मागा.

पोटफुगीवर तापलेल्या विळ्याने डागण्या दिल्या असतील तर तेही सांगा. मेळघाटासारख्या भागात लोक ते बाळ वाचावं म्हणून करतात, हे मला ठाऊक आहे. पण कायद्याने ती इजा आहे, आणि लपवली की डॉक्टर चुकीच्या दिशेने उपचार करत राहतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना याच निळ्या डागांमुळे चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं, कारण तिथे डॉक्टर आणि शिक्षकांनी साधा संशयही कळवायचा असतो. बालरोगतज्ज्ञाकडून डागांची नोंद आधीच करून ठेवा. हॉस्पिटलमध्ये मोफत दुभाष्या मागा, इंग्रजी कामापुरती येत असली तरी, कारण "पडला" आणि "पाडला" यातला एक काना तिथे फार महाग पडतो. दहा वर्षांच्या थोरल्या लेकीला दुभाषी करू नका. चौकशी अधिकाऱ्याशी सविस्तर बोलण्याआधी स्थानिक वकिलाशी बोला.

घरी आल्यावर

एक साधी फाइल करा. एफआयआर, केस पेपर, संमतीची प्रत, समितीचे आदेश, अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती, सगळं तारखेप्रमाणे. समितीकडे सहाय्यक व्यक्ती मागा, ती खटला संपेपर्यंत सोबत असते. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची मदत समितीच्या शिफारशीने मिळू शकते. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तुम्ही फिर्यादी असाल किंवा नसाल, तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं.

बांगड्या मोजणाऱ्या त्या मुलीच्या केस पेपरवर डॉक्टरांनी पुढची तारीख लाल पेनाने लिहिली होती. एचआयव्हीची पुन्हा चाचणी सहा आठवड्यांनी, समुपदेशकाकडे त्याआधीच, दर शनिवारी. तिच्या वडिलांनी ती तारीख देवघरातल्या कालनिर्णयावर गोल करून ठेवली आणि त्या दिवशी कामावर खाडा केला. तुमच्या कागदावरही अशी एक तारीख असेल. नसेल तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी मागून घ्या.